रांगत्या मुलाचा लंगोट

कापडी लंगोट महाराष्ट्रात जुनाच आहे, पण तो पाळण्यातल्या तान्ह्याचा. बाळ पालथे पडू लागले, पोटावर सरकू लागले, रांगू लागले की घरातल्या बायका त्याचा लंगोट हळूहळू सोडवत. पुढे भिंतीला धरून चालणाऱ्या मुलाच्या अंगात झबले आणि कमरेला करगोटा यांपलीकडे फारसे काही नसे. हल्ली कापडी डायपरच्या जाहिरातींतून आजीच्या काळाकडे परतण्याचा सूर ऐकू येतो. तो निम्माच खरा आहे. दीड-दोन वर्षांच्या धावत्या मुलाला दिवसभर काहीतरी बांधून ठेवण्याची चाल आजीच्या घरात नव्हती. ती बाहेरून आली, आणि येताना कापड नव्हे तर कागद नि प्लास्टिक घेऊन आली. कापड तिच्यामागून आले.

बाळाच्या कपड्यांविषयी चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात स्पष्ट सूचना आहेत. बाळाचे अंथरूण-पांघरूण आणि वस्त्रे मऊ, हलकी, स्वच्छ आणि सुवासिक असावीत. घाम, मळ, किडे, मलमूत्र लागलेली वस्त्रे टाकून द्यावीत. दुसरी मिळणे शक्य नसेल तर तीच नीट धुऊन, धुरी देऊन, पूर्ण कोरडी करून पुन्हा वापरावीत, अशी पुस्ती लगेच जोडलेली आहे. धुरीसाठी जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड अशी द्रव्ये तुपात घोळून वापरायला सांगितली आहेत. टाकून देण्याची चैन फार थोड्यांना परवडत असणार. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी चालत आली ती पुस्तीच: धुवा, धुरी द्या, वाळवा, पुन्हा वापरा.

मराठी घरात या कापडांना बाळोती म्हणत. बाळंतपण जवळ आले की जुनी नऊवारी लुगडी, विरलेली धोतरे, पंचे बाहेर निघत. नवे कापड या कामाला चालत नसे. त्याला खळ असते, ते टरटरीत असते आणि पाणीही चटकन शोषत नाही. शंभर धुण्यांतून गेलेले सुती लुगडे मात्र सायीसारखे मऊ झालेले असते. त्याचे हात-सव्वा हाताचे चौकोन फाडायचे, चौकोनाची त्रिकोणी घडी घालायची, दोन टोके कमरेभोवती आणून गाठ मारायची आणि तिसरे टोक पायांमधून वर घेऊन त्या गाठीत खोचायचे. शिवलेला लंगोट याच त्रिकोणाचा; त्याला दोन बाजूंना बंद असत. खाली दुपटे, दुपट्याखाली गोधडी. विसाव्या शतकात शहरी घरांत यांच्यामध्ये मेणकापड किंवा लाल रबराची शीट आली.

या सगळ्या व्यवस्थेत लंगोटावर पाणी अडवणारे काहीही नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लंगोट ओला झाला की दुपटे ओले होई, उचलून घेणाऱ्या बाईचे लुगडे ओले होई आणि लंगोट तिथल्या तिथे बदलला जाई. ओल साठवून ठेवणे हे त्याचे काम नव्हतेच. नवजात बाळ दिवसात वीसएक वेळा थोडी थोडी शू करते. म्हणजे तितके लंगोट लागत, आणि तितकेच धुवायला पडत. अंग फारसे चिघळत नसे त्याचे कारण हेच. जांघेत खोबरेल तेल किंवा शंखजिऱ्याची पूड लावली की भागे.

धुणे मात्र कष्टाचे होते. आधी शी झटकून साध्या पाण्यात खळबळायचे, मग रिठ्याच्या किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, आपटायचे, पिळायचे. उन्हाळ्यात तासाभरात कडकडीत वाळणारी बाळोती कोकणातल्या पावसात दोन-दोन दिवस दमट राहत. मग बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर बांबूचे डालगे पालथे घालून त्यावर ती पसरायची. निखाऱ्यावर ओवा, धूप, वावडिंग टाकून बाळ-बाळंतिणीला शेक दिला जाई, आणि त्याच धुरात लंगोटही कोरडे होत. चरकाची धुरी अशी माजघरापर्यंत येऊन पोचली होती.

बाळोत्यांचा ढीग मुळात घरात फाडायला जुने कापड असेल तरच जमतो. अंगावरचे एक आणि दोरीवरचे एक एवढीच लुगडी असणाऱ्या बाईकडे वीस-पंचवीस लंगोटांचे कापड कुठून येणार? शेतावर, बांधकामावर, ऊसतोडीला जाणाऱ्या बाया मूल झोळीत टाकत. झाडाला किंवा तिकाटण्याला बांधलेल्या त्या झोळीतून पाणी सरळ मातीत झिरपे. घरगुती रीतिभातींवरच्या लेखनात लंगोट-दुपट्यांचे जे वर्णन आढळते ते पांढरपेशा आणि खाऊनपिऊन सुखी घरांचे, हे गृहीत धरूनच ते वाचावे.

मूल रांगायला लागले की हिशेब बदलत असे. गुडघ्यांवर चालणाऱ्या मुलाचा त्रिकोणी लंगोट सुटतो, घसरतो, पायात अडकतो. शिवाय त्याची शूही बदललेली असते. वर्षाचे मूल तान्ह्यापेक्षा कमी वेळा शू करते, पण एका वेळी बरीच जास्त करते. जुन्या लुगड्याचा एक पदर तिला पुरत नाही. उष्टावणानंतर, म्हणजे वरणभात सुरू झाल्यावर, शीसुद्धा वेगळी होते. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात सहज सुटते, अन्न खाणाऱ्या मुलाची कापडाला चिकटते आणि डाग धरते. लंगोट चालू ठेवायचा तर तो जाड करायला हवा, घट्ट बांधायला हवा आणि जास्त घासून धुवायला हवा. मराठी घराने यातले काही केले नाही. त्याने लंगोटच सोडून दिला.

हे परवडत होते, कारण खाली शेणाने सारवलेली जमीन होती. मुलाने घरात कुठेही शू केली तर ती जमिनीत मुरे. वर पोतेरे फिरवायचे, आणि दोन-चार दिवसांनी नवे सारवण पडायचेच. रांगत्या मुलाच्या बाबतीत लंगोटाचे काम पोतेरे करत होते. मूल दिवसाचा बराच भाग ओसरीवर, अंगणात काढी. कोकण-देशावरची हवा वर्षातले आठ महिने उघड्या अंगाला मानवणारी. मुलींना थोडे लवकर परकर-झबले चढे. बाहेर जाताना, पाहुणे येणार असताना चड्डी घातली जाई. एरवी उघडे मूल हे कोणाला खटकणारे दृश्य नव्हते.

याला जोड होती ती शी-शूला बसवण्याच्या सवयीची. आजी किंवा आई जमिनीवर किंवा पाटावर बसते, पाय समोर पसरते, दोन्ही पावले थोडी फाकवते आणि बाळाला पावलांवर असे बसवते की त्याची पाठ तिच्या नडग्यांना टेकेल. मग तोंडाने ‘शूऽऽ’ असा लांबट आवाज. सकाळी उठल्यावर, दूध पिऊन झाल्यावर, आंघोळीआधी, निजताना. मान धरली की हे सुरू होई. काही आठवड्यांत बाळाचे शरीर आणि तो आवाज यांची सांगड बसे. मूल सांगायला शिकण्याच्या कितीतरी आधी आई त्याची चुळबुळ ओळखायला शिकलेली असे. यात चुका होतच, पण त्या सारवलेल्या जमिनीवर होत, म्हणून त्यांचे कोणी फार मनावर घेत नसे.

ही रीत महाराष्ट्रापुरती नाही. चीनमध्ये लहान मुलांना पायांच्या मधोमध उघड्या असलेल्या विजारी घालण्याची जुनी पद्धत आहे. केनियाच्या किनाऱ्यावरच्या दिगो लोकांत आया जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच बाळाला धरायला लागतात आणि पाच-सहा महिन्यांच्या मुलाकडून बऱ्यापैकी कोरडेपणाची अपेक्षा ठेवतात, असे निरीक्षण अमेरिकेतील ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात 1977 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्या डॉक्टरांना ते नवल वाटले. मराठी आजीला वाटले नसते.

उत्तर युरोपात हे जमणारे नव्हते. थंडी, अंगावर कपड्यांचे चार थर, लाकडी जमिनी, सधन घरांत गालिचे. तिथे तान्ह्या मुलांना पट्ट्यांनी घट्ट गुंडाळून ठेवण्याची प्रथा अठराव्या शतकापर्यंत जोरात होती. रूसोने 1762 च्या ‘एमील’मध्ये तिच्यावर कडक टीका केली. पट्ट्या गेल्या आणि हातपाय हलवणाऱ्या मुलाच्या कमरेला चौकोनी कापड राहिले. हे कापड धावत्या मुलाच्या अंगावर टिकवून ठेवण्याची खटपट पुढची शंभर वर्षे चालली. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने 1849 मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि त्याचे हक्क 400 डॉलरला विकून टाकले. त्याच्या डोक्यात बाळे नव्हती, पण पिन सर्वांत जास्त रुळली ती बाळांच्या कपड्यांत. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या ख्रिस्ती घराण्याने तुर्कस्तानात पाहिलेले फासेदार विणीचे कापड यंत्रावर काढले आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले. आपल्याकडे त्याला टर्किश टॉवेल म्हणतात. सोलापूरच्या मागांवर त्याचा मोठा धंदा उभा राहिला. फाशांमुळे हे कापड साध्या सुतीपेक्षा कितीतरी अधिक पाणी धरते, आणि ब्रिटनमध्ये मोठ्या बाळाचा लंगोट म्हणून विसाव्या शतकात तेच सर्वत्र रुळले. वरून रबराची चड्डी. तिच्यामुळे आईचे कपडे वाचले आणि बाळाच्या अंगावर पुरळ उठू लागले.

धुण्याचे ओझे तिथेही बाईच्याच अंगावर होते. अमेरिकेच्या शहरांत 1930 च्या दशकापासून मळके लंगोट घेऊन जाणाऱ्या आणि धुतलेले आणून देणाऱ्या लाँड्र्या निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत जाऊ लागल्यावर त्यांचा पसारा वाढला. युद्ध संपल्यावर दोन आयांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच युक्ती काढली. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हनने न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावर चढवायचे आवरण बेतले. पुढे त्यासाठी पॅराशूटचे नायलॉन वापरले आणि पिनांऐवजी टिचबटणे लावली. 1949 मध्ये ते न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात विक्रीला आले, 1951 मध्ये पेटंट मिळाले, आणि तिने आपला व्यवसाय दहा लाख डॉलरला विकला. ब्रिटनमध्ये व्हॅलेरी हंटर गॉर्डननेही पॅराशूटच्याच कापडातून आवरण शिवले, आत मात्र फेकून देता येणारी घडी ठेवली. आजचा कापडी डायपर डोनोव्हनच्या आवरणाचा थेट वंशज आहे. लुगड्याच्या त्रिकोणाशी त्याचे नाते दूरचे.

यापुढची गोष्ट कारखान्यांची आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये व्हिक्टर मिल्स या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेला ‘पॅम्पर्स’ हा कागदी डायपर डिसेंबर 1961 मध्ये इलिनॉयमधील पिओरिया शहरात चाचणीसाठी विकायला ठेवला. नग 10 सेंटला होता, आणि तो पडला. किंमत 6 सेंटच्या आसपास आणल्यावर खपू लागला. 1980 च्या दशकात त्यात स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरणारे पॉलिमरचे दाणे आले. गठ्ठ्यासारखा डायपर पातळ झाला, आणि ओले झाल्याचे मुलाला कळेनासे झाले.

मूल लंगोटातून कधी सुटावे याविषयीचे मतही याच काळात पालटले. 1930 च्या सुमारास अमेरिकी सरकारची पालकांसाठीची पुस्तिका शीची सवय पहिल्या काही महिन्यांतच लावायला सांगत होती, तीही घड्याळ लावून. त्या कडकपणाचा वीट येणे साहजिक होते. 1962 मध्ये डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1170 मुलांच्या नोंदींवरून लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबावे, असे त्यांचे प्रतिपादन. त्यांच्याकडची मुले दिवसा कोरडी राहू लागण्याचे सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होते. निबंध आणि पिओरियातली विक्री यांत महिन्यांचेच अंतर, हा योगायोग. पण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या पथ्यावर पडल्या. पालकाला घाई उरली नाही, मुलाला ओलेपणा टोचेना. 1989 मध्ये अमेरिकेत उभ्या मुलाला चड्डीसारखे चढवायचे पुल-अप्स आले, 1998 मध्ये पॅम्पर्सने आणखी मोठा आकार काढला आणि त्याच्या जाहिरातीत खुद्द ब्रेझल्टन दिसले. त्यांचे शास्त्र विकाऊ होते असे यावरून ठरत नाही. डायपरातले वय लांबण्यात कंपन्यांचा फायदा होता एवढे मात्र उघड आहे.

महाराष्ट्रात बदल झाला तो आधी पायाखाली. मुंबईच्या चाळीत आणि पुढे फ्लॅटमध्ये सारवणाची जागा शहाबादी फरशीने आणि मोझेक टाइल्सनी घेतली. फरशीत काही मुरत नाही. शू केली की ती पसरते, मूल घसरते. अंगणही गेले. एकत्र कुटुंबातली, पावलांवर बाळ धरून बसायला वेळ असलेली आजी गावी राहिली. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांसाठी 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले; 1976 मध्ये ही मर्यादा तीसवर आणली. मुलांचे कपडे धुण्या-बदलण्याची सोय करायला लावण्याचा अधिकारही कायद्याच्या त्याच कलमात राज्य सरकारला दिलेला होता. बाळोती धुण्याचा विषय कायद्याच्या भाषेत आला तो असा. शहरी मध्यमवर्गात 1970-80 च्या दशकांत खासगी पाळणाघरे वाढली. तिथे सकाळी डब्याबरोबर चार-पाच लंगोट आणि दोन चड्ड्या पिशवीत जात. बाजारात प्लास्टिकची चड्डीही मिळू लागली होती. कडेला रबर असलेली, आत गरम होणारी, प्रवासापुरती वापरायची.

कागदी डायपर आला तो या पोकळीत. 1990 च्या दशकाच्या मध्यावर एका अमेरिकी कंपनीने भारतीय भागीदाराबरोबर पुण्याजवळ कारखाना काढून हगीज विकायला सुरुवात केली. 2006 मध्ये पॅम्पर्स आले, पाठोपाठ जपानी मॅमीपोको पँट्स. भारतात चड्डीसारखा चढवायचा प्रकारच लोकप्रिय झाला, हे सूचक आहे. तान्ह्याला आडवे निजवून पट्ट्या लावणे सोपे असते. चड्डी लागते ती उभ्या राहणाऱ्या, पळणाऱ्या मुलाला. आजीच्या घरी ज्याचा लंगोट सुटत असे, नेमके तेच मूल इथे गिऱ्हाईक झाले. तान्ह्यासाठी बऱ्याच घरांत पहिले काही महिने जुन्या साडीचे लंगोटच चालू राहिले. परदेशी लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आयांच्या बॅगांतून ते अमेरिकेपर्यंतही गेले.

आजचा कापडी डायपर या कागदी चड्डीला उत्तर म्हणून आला. बाहेरून पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेले कापड, आत अंगाला कोरडा लागणारा पदर, दोहोंमध्ये खिसा, आणि खिशात सुती, बांबूच्या धाग्याची किंवा मायक्रोफायबरची शोषक घडी. ही खिशाची पद्धत अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. भारतात तिचा प्रसार 2010 नंतरचा. पोटावर आणि कमरेवर टिचबटणांच्या रांगा असतात, त्यामुळे एकच डायपर साधारण पाच किलोच्या बाळापासून पंधरा-सोळा किलोच्या मुलापर्यंत बसवता येतो. मोठ्या मुलाच्या बाबतीत जुन्या लंगोटाच्या ज्या तीन अडचणी होत्या, त्यांवर यात उपाय आहेत. घसरू नये म्हणून मांडीपाशी रबर. एकदम येणारी जास्त शू धरण्यासाठी दोन घड्या, रात्री तीन. चिकट शी धुवावी लागू नये म्हणून वर अंथरायचा पातळ कागदासारखा पदर, जो शीसकट उचलता येतो. घड्या वाढवल्या की मूल पाय फाकून चालते, त्याला काहीच इलाज नाही. मऊ राहावे म्हणून कपड्यांत घातले जाणारे कंडिशनर इथे वर्ज्य, कारण त्याने धाग्यावर थर बसून शोषण कमी होते.

पर्यावरणाचा मुद्दा वाटतो तितका एकतर्फी नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये केलेल्या हिशेबात एका मुलाच्या अडीच वर्षांच्या कागदी डायपरांचा कार्बनभार सुमारे 550 किलो निघाला, आणि सरासरी पद्धतीने धुतलेल्या कापडी लंगोटांचा 570 किलो. कापडाचा बराचसा भार कढत पाण्याचा आणि वाळवणी यंत्राचा. भरलेल्या मशीनमध्ये धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले तर 200 किलोच्या आसपास बचत होते, असेही त्याच अहवालात आहे. महाराष्ट्रात कपडे दोरीवरच वाळतात आणि धाकट्याला थोरल्याचे वापरायला कोणी लाजत नाही, त्यामुळे इथे पारडे कापडाकडे झुकते. दुष्काळी तालुक्यात, टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या घराला हा हिशेब लागू करणे मात्र अन्यायाचे.

कचऱ्याच्या बाबतीत अशी किंतु-परंतुची जागा नाही. वापरलेला डायपर कुजत नाही, विकला जात नाही, आणि शहरात तो हाताने वेगळा करण्याची पाळी कचरावेचक बायांवर येते. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असा कचरा वेगळा गुंडाळून देण्याची जबाबदारी घरांवर टाकली, आणि गुंडाळायला पाकीट पुरवण्याची उत्पादकांवर. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून हा प्रश्न लोकांपुढे मांडला. रांगत्या मुलाच्या शूसाठी घरात पोतेरे फिरवणारी बाई आणि त्याच मुलाचा डायपर कचऱ्यातून उचलणारी बाई, या पुष्कळदा एकाच थरातल्या असतात.

कापडी डायपर आज तरी शहरी, पगारदार, घरात धुलाईयंत्र असलेल्या पालकांचा आहे. एकेक नग काही शे रुपयांना पडतो आणि दिवसभराच्या वापराला डझनभर लागतात. दोन मुलांना वापरले तर ते कागदीपेक्षा स्वस्त पडतात, पण पैसे आधी एकरकमी मोजावे लागतात, आणि हातावर पोट असणाऱ्यांना नेमके तेच जमत नाही. गावाकडे लेकराला अजून पावलांवर धरले जाते आणि रांगते मूल अजून बरेचदा उघडेच असते. एसटीने लग्नाला किंवा दवाखान्यात जायचे असेल तेव्हा किराणा दुकानातून एक सुटा कागदी डायपर विकत घेतला जातो. तो तालुक्याच्या गावी कुठेतरी टाकला जातो. त्याची विल्हेवाट लावण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही.